सुईवर ठेवलेले टाके

लेख मागणाऱ्या मॅडमना मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा जमलं नाही, म्हणून हे लिहितोय. जे कोणी वाचतील त्यांनी मला आधीच माफ करावं. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्या घरात अक्षरं दोनच ठिकाणी: बोटीच्या नाळेवर रंगवलेलं नाव आणि बचत गटाच्या वहीत आईची सही. दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. पनवेलच्या कॉलेजात मराठी घेऊन तिसऱ्या वर्षाला बसतो खरा, पण सर एखादा सुंदर उतारा वाचून दाखवतात तेव्हा मला आधी हेच वाटतं, की हे लिहिणाऱ्याच्या घरी बसायला वेगळी खुर्ची असणार.

विषय होता 'माझा आवडता ऋतू'. आवडता असा माझ्याकडे नाही, लक्षात राहिलेला एक आहे, चालेल का, असं मी भीत भीत विचारलं. मॅडम म्हणाल्या, "चालेल की. फक्त पाऊस नको. पावसाचा गठ्ठा झालाय माझ्याकडे."

मग लोकरीवर लिहितो.

पनवेलला लोकरीचा ऋतू असतो असं सांगितलं तर पनवेलचेच लोक हसतील. इथे थंडी म्हणजे गाढी नदीवर सकाळी थोडं धुरकट दिसतं, चहावाल्याकडे गर्दी वाढते आणि रिक्षावाले कानाला मफलर बांधतात, तोही दहा वाजता सुटतो. पण बाजारात लेस-बटणांचं एक दुकान आहे. दिवाळीचे कंदील उतरले की त्या दुकानाच्या माळ्यावरून पोती खाली येतात. वर्षभर बांधून ठेवलेली लोकर त्यात असते. पोत्याचं तोंड सोडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास गल्लीभर पसरतो. बाकीच्यांना तो वास संडासाची किंवा कपाटाची आठवण करून देतो. मला तो त्या थंडीचा वास वाटतो.

परवा कॉलेजातून येताना पोती उतरताना दिसली. मी थांबलो. पिवळे, जांभळे, बाळगुलाबी गोळे शेठ दोरीला टांगत होता. आता काहीतरी वाटेल म्हणून मी बराच वेळ उभा राहिलो. काही वाटलं नाही. गर्दीत खांद्याला धक्का लागला तेव्हा बाजूला झालो, एवढंच.

माझा मोठा भाऊ नितीन. आम्ही समुद्राकाठच्या करंज्याचे, कोळी. दादाला बाबांच्या बोटीवर जायचं नव्हतं. त्याला मोठ्या जहाजावर जायचं होतं, जिथे खलाशाला कामाचे कपडे कंपनी देते. एका एजंटामार्फत तो वैशाखात गेला. गणपतीपर्यंत फोन यायचे. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी त्याचा आवाजी मेसेज आला. मागे मशीनचा घरघराट होता. "आई, इथे लय थंडी हाय. कान दुखतान. कानाला काय तरी पाठव. पत्ता मागून सांगतो."

पत्ता आला नाही. फोनही आला नाही. एजंट आधी म्हणाला, पोरगा मजेत आहे, रेंज नसते. मग म्हणाला, जहाज मार्ग बदलून गेलंय. मग त्याचाच नंबर बंद झाला. बाबा आणि मी ऑफिसांमधून फिरलो. अर्ज मी लिहायचो, कारण घरात शिकलेला मी. प्रत्येक अर्जात 'माझा भाऊ बेपत्ता आहे' असं तिथले लोक लिहायला सांगायचे आणि मी 'संपर्क होत नाही' असं लिहायचो. मराठीचा विद्यार्थी म्हणून माझ्या हातून तेवढंच झालं.

दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, "पत्ता येल तवा येल. टोपी तयार असूदे." तिने हे भांडी लावता लावता सांगितलं. रडणं वगैरे नाही. आमच्या घरात तेव्हा कुणीच रडत नव्हतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर गालाला बोट लावून बघतो तसं मी अधूनमधून स्वतःला तपासायचो. गाल आहे, बोटाला लागतोय, पण आपला वाटत नाही.

म्हणून मी टोपी घ्यायला त्या दुकानात गेलो. तयार टोप्या होत्या, गोल, एकाच मापाच्या. काउंटरपाशी एक वयस्कर बाई शेठशी भांडत होत्या. गोळा उजेडात धरून त्या म्हणत होत्या, "हा तोच शेड नाहीये."

"आंटी, नंबर बघा ना. सेम टू सेम आहे."

"नंबर सेम, लॉट वेगळा. तुमच्या ट्यूबलाइटखाली सगळं सेमच दिसतं. लग्नही ह्याच उजेडात ठरवता का?"

शेठ हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बोला."

"टोपी पाहिजे होती. भावाला."

"केवढा?" हे त्या बाईंनीच विचारलं.

"सत्तावीस."

"वय नाही रे बाबा. डोकं."

दादाच्या डोक्याचं माप मला माहीत नव्हतं. सतरा वर्षं आम्ही एका चटईवर झोपलो. त्याच्या डाव्या भुवईतली खूण, त्याचं घोरणं, त्याच्या चपलेचा नंबर, सगळं सांगितलं असतं. डोकं कधी मोजलं नव्हतं.

"असतो कुठे?"

"जहाजावर."

"कुठे आहे जहाज?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "बरं. धुणार कोण, ते तरी माहीत आहे?"

"तोच धुणार."

"मग खरी लोकर नको. ती पुरुषांच्या हातात आटते. ॲक्रिलिक घे, चार पदरी. आणि तयार टोपी नको, ती डोक्यावर नुसती बसते, कान उघडे राहतात. करंजाड्याला राहतोस का कुठे जवळ?"

मी पनवेलला लागून करंजाड्यालाच एका मित्राबरोबर खोली घेऊन राहत होतो.

अशा हन्नामावशी मला भेटल्या. मूळच्या आपट्याच्या, म्हणून आडनाव आपटेकर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, मुलगीही गेली, मावशी मात्र करंजाड्याच्या दोन खोल्यांत राहिल्या. बुधवारी आणि रविवारी दुपारी बायकांना विणकाम शिकवायच्या. "रविवारी ये," म्हणाल्या. "शनिवारी दार वाजवू नकोस. आम्ही शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे." शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्यांच्या सुया कापडी पिशवीत जायच्या, मग ओळ अर्धी का असेना. दुसऱ्या दिवशी रात्री तारे दिसेपर्यंत पिशवीला हात नाही.

माझा खोलीतला मित्र सुशांत. माझ्या हातात लोकर पाहून तो म्हणाला, "काय रे हर्षल, पनवेलला बर्फ पडणार आहे का?" रविवारच्या बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कोण गं बाई ती नशीबवान?" मी भावासाठी म्हटल्यावर त्या आणखी हसल्या. मावशी म्हणाल्या, "हसू नका. हा करंज्याचा आहे. ह्यांच्यात बापे विणतात."

ते खरं आहे. जून-जुलैत बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा आमच्या ओटीवर पुरुष रांगेने बसून जाळी विणतात, शिवतात. मी सहावीत असताना मला जाळ्याची गाठ यायची. त्यामुळे मावशींना वाटलं, आकड्याची सुई माझ्या हातात पटकन बसेल. त्यांनी मला आधी क्रोशा दिला. साखळी, मुका खांब, खांब, असे टाके. ते खरंच लवकर आलं. आठवड्यात टोपी झाली. पण मी जाळ्याच्या सवयीने प्रत्येक टाका करकचून ओढला होता. टोपी टेबलावर ठेवली तर उभी राहिली. मावशी तिच्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "ह्यात भात वाढता येईल."

मी ती घरी नेली. बाबांनी डोक्याला लावून पाहिली. "माजा डोका नि त्याचा डोका येकच हाय," ते म्हणाले. त्यांच्या डोक्यावरही ती बसली नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यांनी तिच्यात जाळ्याला वजनासाठी लावायची शिसं भरून ठेवली होती. अजून त्यातच असतात. पण दादाचं माप मला त्या दिवशी मिळालं. बाबांच्या कपाळाभोवती दोरी गुंडाळून मी गाठ मारली आणि ती दोरी खिशात घालून पनवेलला आलो.

मावशींचं म्हणणं, विणकाम चुकतं ते हातात नाही, निवडण्यात. आधी माणूस बघायचा. मग तिथली हवा. मग धुणं. मग काम ठरवायचं. अंगावर घट्ट धरायचं असेल, ताणायचं असेल तर दोन सुया, सुलट-उलट. टेबलावर, दारावर, बाळाच्या पाळण्यावर घालायचं असेल तर क्रोशा. रंग सगळ्यात शेवटी. "दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस आधी रंग बघतो," त्या म्हणायच्या, "आणि मग त्या रंगासाठी माणूस शोधत बसतो."

दादाच्या वेळी मात्र रंग आईने आधी ठरवला. मला निळा आवडला होता, गर्द. फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन. "पान्याचा रंग नको. निला नको, हिरवा बी नको. पान्यात पडला तर दिसल कसा?"

मी मावशींना हे सांगितलं. त्या चाळीस वर्षं विणत होत्या, पण रंग निवडायची ही तऱ्हा त्यांना माहीत नव्हती. मग आम्ही दोघं दुकानात जाऊन नारिंगी शोधत बसलो. नारिंगीतही किती असतात. शेंदरी, केशरी, गाजरी, झेंडूचा. मावशी प्रत्येक गोळा घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात जायच्या आणि रस्त्याच्या पलीकडे मला उभं करून ओरडायच्या, "दिसतो का?" जाणारे येणारे बघायचे. मी मान हलवायचो. शेवटी जो घेतला तो लाइफ जॅकेटचा रंग होता.

त्या लोकरीची टोपी दोन आठवड्यांत झाली, ह्या वेळी सुयांवर, कान झाकणारी. मी ती मोठ्या अभिमानाने मावशींना दिली. त्यांनी आधी ती उलटी केली आणि आतून बोट फिरवलं. "हे काय? गाठी?"

जिथे जिथे धागा संपला होता तिथे मी दुसरा धागा जाळ्याच्या गाठीने जोडला होता. ती गाठ ओढाल तितकी घट्ट होते. विणकामात धागे असे बांधत नाहीत म्हणे, टोकं आत फिरवून लपवतात.

"आमच्यात गाठ सुटली तर जाळं गेलं," मी म्हटलं.

"आणि आमच्यात गाठ राहिली तर रात्रभर टोचते. तुझा भाऊ ही घालून झोपणार आहे."

सबंध टोपी उसवली. पुन्हा विणली. पत्ता आला नव्हताच, म्हणून ती घरीच राहिली.

नाताळच्या सुट्टीच्या आसपास माझी परीक्षा झाली. एका पेपरात नापास झालो. नोटीस बोर्डासमोर उभा राहून मी माझा नंबर शोधला, सापडला नाही, आणि मला पहिला विचार हा आला की आज रविवार आहे का. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "परत दे." एवढंच. आमच्या घरात वाईट बातमीसाठी जागा राखून ठेवली होती, तिथे ही मावली नाही.

टोपी झाल्यावर माझे हात रिकामे झाले आणि ते मला सहन होईना. बसमध्ये, वर्गात, बोटं आपोआप हलायची. मावशींच्या ते लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "टोपी लवकर संपते. तुला आता लवकर न संपणारं काम हवंय. स्वेटर घे. पूर्ण बाह्यांचा." मग मी घरी जाऊन बाबांचं अंग मापलं, मावशींनी हिशेब केला. "नऊ गोळे लागतील. एकदम घे, एकाच लॉटचे, एकाच वेळी रंगवलेले. पट्टीवर लॉटचा नंबर असतो, तो बघून घे. नारिंगी सगळ्यात दगाबाज."

मी सहा घेतले.

पैशाचं कारण नव्हतं. शिष्यवृत्ती आली होती, शेठ नऊही बांधून देत होता. पण नऊ गोळे विणायला होळी येणार होती. मला वाटलं, तोवर फोन येईलच. सहापर्यंतच येईल. नऊ घेतले असते तर मीच होळीपर्यंत फोन येणार नाही असं म्हटल्यासारखं झालं असतं. हे मी शेठला किंवा मावशींना कसं सांगणार होतो? "सहा पुरे," म्हटलं आणि निघालो.

मावशींकडेही एक लोकर होती. फिक्या पिवळ्या रंगाची, फार मऊ. त्यांच्या नातीला तिकडे दिवस गेले होते. मी कधीपासून बघत होतो, ती पिशवी खिडकीत तशीच. एकदा विचारलं, सुरुवात कधी करणार.

"बाळ हातात येईपर्यंत एक टाकाही नाही. आमच्यात बाळाचं काही आधी करून ठेवत नाहीत."

"आमच्यातही," मी म्हटलं.

"म्हणून मी शेठला सांगितलंय, ही माझ्यासाठी आहे. पिवळा फ्रॉक घालणार आहे मी." आणि त्या हसल्या.

ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळायला लागली. मावशी जन्माला यायच्या माणसासाठी सुरुवात करत नव्हत्या. मी ज्याचं काहीच कळत नाही अशा माणसासाठी बाह्या विणत होतो. कुणाचं बरोबर? हा प्रश्न मी कुणालाही विचारला नाही. विचारला असता तर ज्याने उत्तर दिलं त्याच्याशी मला बोलता आलं नसतं.

सहा गोळे माघात संपले. दुकानात गेलो तर तो लॉट संपला होता. नंबर तोच, शेड तोच, शेठने उजेडात धरूनही दाखवला. मला फरक दिसला नाही. तीन घेतले. एक बाही आणि छातीवरचा भाग त्यात विणला आणि शनिवारी घरी गेलो. ओटीवर उन्हात स्वेटर पसरला, तेव्हा दिसलं. छातीवर आडवी रेघ. खाली लाइफ जॅकेट, वर पिकलेली पपई.

मी नुसता बघत बसलो. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आई आली, बघितलं, आत गेली. बाबा जाळं सोडून माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला.

"हे काय झालं?"

मी लॉटचं सांगितलं. सहाच का घेतले तेही सांगून टाकलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

बाबा त्यांच्या जाळ्याकडे हात करून म्हणाले, "त्या जाल्यात कितीक ठिगलं हायत बग. निलं, हिरवं, त्या बाजूला लाल बी. मासा रंग बगून आत येतो काय?" मग विचारलं, "पुडचा धागा कुठला?"

दुसऱ्या बाहीसाठी धागा जोडायचा होता. मी तो आत फिरवून लपवणार होतो. बाबांनी दोन्ही टोकं माझ्या हातातून घेतली आणि मला काही म्हणता येण्याआधी जाळ्याची गाठ मारली. दातांनी ओढून घट्ट केली. "ही नाय सुटनार," म्हणाले आणि परत जाळ्याकडे गेले.

रविवारी मावशींचं बोट त्या गाठीवर थांबलंच. मी कात्री पुढे केली.

"कोणाची आहे?"

"बाबांची."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "टोचली तर टोचली."

होळीच्या आधी स्वेटर गळ्यापर्यंत आला. शेवटची पट्टी, एक सुलट एक उलट, मग टाके बंद करायचे की काम संपलं. मी तो आईला दाखवायला नेला होता. तिच्यासमोरच बंद करावेत असं मनात होतं. मी पहिला टाका उचलला आणि ती म्हणाली, "थांब."

"काय झालं?"

"बंद नको करू."

"आई, एवढंच राहिलंय."

"ऱ्हाऊ दे तवडंच. त्याचा काय तरी कलूदे. मग कर." ती माझ्याकडे बघत नव्हती. "काम संपवून ठेवलं नि कोन आलंच नाय तर? उगडं ऱ्हाऊ दे. सुईवर ऱ्हाऊ दे."

हा काही आमच्यातला रिवाज नाही. मी पुढे म्हाताऱ्या बायांना विचारलंही, कुणाला माहीत नव्हता. तो आईने त्या क्षणी तयार केला. पण मला तो लगेच पटला. मावशींनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, घर पडलं तरी चालेल, सुई काढायची नाही. सुई काढली की टाके वाऱ्यावर. म्हणून सुईच्या दोन्ही टोकांना मी बुचं लावली, स्वेटर पिशवीत घातला आणि आतल्या खोलीत खिळ्याला टांगला. नारिंगी रंग पिशवीतूनही दिसायचा. जेवताना माझं तोंड त्या बाजूला यायचं.

सुया मावशींच्या होत्या. परत करता येत नाहीत असं मी त्यांना सांगितलं. का ते विचारलं नाही. "माझ्याकडे पुष्कळ आहेत," म्हणाल्या.

मग उन्हाळा, मग पाऊस. पावसात मावशींच्या नातीला मुलगी झाली. ज्या दुपारी फोन आला त्या दुपारी त्यांनी पिवळी लोकर काढली आणि दहा दिवसांत दुलई पाठवूनही दिली. आम्ही रविवारच्या सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी नापास झालेला पेपर परत दिला, सुटला. बाबा आणि मी अर्जांची आठवण करून द्यायला जायचो, तिथला माणूस आता आम्हाला नावाने ओळखायला लागला होता. पनवेलच्या वरून आता विमानं जातात. सुशांत खिडकीतून ती मोजतो. मी बघत नाही. बघावंसं वाटत नाही असंही नाही. मानच वर होत नाही.

इथपर्यंत लिहून मी वही मिटली होती. शेवट काय करायचा ते मला कळत नव्हतं. मॅडमना विचारणार होतो, शेवट नसलेला लेख चालतो का.

गेल्या रविवारी मी घरी होतो. दुपारी एक माणूस विचारत विचारत ओटीपाशी आला. तिशीचा, रत्नागिरीकडचा, फार बारीक. मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा नव्हता, सगळा हात एकसारखा काळवंडलेला. "नितीनचं घर हेच का?" त्याने विचारलं. "पत्ता त्याने पाठ करून घेतला माझ्याकडून. कागद बाहेर नेऊ देत नव्हते."

आई दारात होती. तिथेच खाली बसली. बाबांच्या हातात जाळं होतं, ते हातातच राहिलं.

तो सांगत होता. तोही त्याच जहाजावर होता. गणपतीनंतर जहाज उत्तरेकडून खाली गेलं, एका बंदरात अडवलं, कागदपत्रांत काहीतरी खोट निघाली आणि सगळ्यांना पकडून नेलं. फोन काढून घेतले. आता तिघांना सोडलंय, बाकीच्यांची केस चालू आहे. नितीन आत आहे. ठीक आहे. पाठीला जरा त्रास आहे, पण ठीक आहे. परवाच्या गुरुवारपर्यंत त्याने त्याला डोळ्यांनी बघितलंय.

"जिवंत हाय," बाबा म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"हो काका."

मला काय वाटलं ते लिहायला पाहिजे. मी वाट बघत होतो की आता वाटेल. मला माझ्या हातातला पाण्याचा तांब्या गार लागला. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी गार लागलं.

त्याने पाणी घेतलं, चहा घेतला. मग आईने विचारलं, "डोक्याला काय घालतो? कान दुखतान त्याचे."

त्या माणसाला प्रश्न कळला नाही. मी टोपीचं सांगितलं, थंडीचं सांगितलं.

"थंडी?" तो म्हणाला. "ती आधी होती, उत्तरेला. तिथे कुठली थंडी काकी. नुसती भट्टी आहे. एका खोलीत पन्नास माणसं. टॉवेल ओला करून डोक्यावर घेतो तो, तासाभरात वाळतो. अंगावर घामोळ्यांनी फोड आलेत सगळ्यांच्या. पुढच्या महिन्यात वकिलाबरोबर सामान देता येईल. पातळ, सुती काय असेल ते पाठवा म्हणालाय."

मग आई उठली. आतल्या खोलीत गेली, खिळ्यावरची पिशवी काढून घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तिने स्वतः स्वेटर बाहेर काढला, माझ्या पायावर पसरला, गळ्याशी सुईवर बसलेले टाके एकदा बोटाने मोजल्यासारखे चाचपले.

"उसव, सुती काय तरी कर त्याला. सुई काड," ती म्हणाली.